चुलीपाशी जागा

कोंबड्यांच्या खुराड्यामागचा उंचवटा खणताना हाडांचा सापळा निघाला, आणि मेरिदा शहरातून आलेल्या पुरातत्त्ववाल्या बाई चिखलाच्या बुटांनिशीच सोकोरोच्या स्वयंपाकघरात शिरल्या.

"हजार वर्षांपूर्वीची म्हातारी आहे!" त्या हरखून सांगू लागल्या. "तेव्हाचे माया लोक आपलं माणूस लांब नेत नसत. घरातलीच जमीन उकरून पुरायचे. हिला तर त्या जुन्या घरातल्या चुलीला अगदी लागून ठेवलंय. म्हणजे मेल्यावरही घरची मालकीण हीच!"

सोकोरोच्या सासूबाई झुल्यात बसून जेवत होत्या. दर सोमवारचा ठरलेला, डुकराच्या मटणातला घेवडा. एक घास घेऊन त्यांनी रोजच्यासारखं तोंड वाकडं केलं आणि मुलाला हाक मारली.

"बेर्नाबे, मी गेले की मला त्या गावाबाहेरच्या दफनभूमीत नेऊन टाकू नकोस हं. इथंच ठेव, चुलीपाशी. घेवड्यात मीठ किती पडतंय, यावर कुणाची तरी नजर नको का?"

बेर्नाबेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ठेवतो, आई. शब्द देतो."

सोकोरोनं चुलीवरचं पातेलं ढवळलं. लग्न झाल्यापासून नवरा स्वयंपाकघरात सिमेंटचा कोबा घालू म्हणत होता, आणि मातीची जमीन पायाला गार लागते म्हणून तीच नको म्हणत आली होती. तिनं पायाखालची जमीन एकदा नीट पाहून घेतली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.




"बेर्नाबे, तो कोबा आजच घालून टाक. चांगला जाड."