दारापुढली नाली

वऱ्हाडात बायांनाही म्युनिसिपालटीचं मत मिळालं, तेव्हा देऊळघाटची भाजी विकणाऱ्या मनकर्णाबाईच्या आणि शेजारच्या हमीदाबीच्या दारी उमेदवार येऊ लागले. पहिल्याने एकीला देवळाची कमान कबूल केली, दुसरीला मशिदीपुढे कंदील. “दारापुढली नाली बांधून द्या,” दोघी म्हणाल्या, तर तो नुसता हसला. त्या नालीपायी दोन्ही घरांत हिवताप मुक्कामी होता. मग दुसरे उमेदवार अर्जुनराव आले. त्यांच्या गड्याने नालीवर फळी टाकली आणि तिच्यावरून येऊन मनकर्णाबाईच्या ओट्यावर बसून ते म्हणाले, “घड्याळाचा मनोरा बांधतो!” मनकर्णाबाईचं डोकं फिरलं. तिने आणि हमीदाबीने फळी ओढून घरात टाकली. “अवो, आता मी जाऊ कसा?” “आमी रोज जातो तसे, मालक!” धोतर खोचून अर्जुनराव गुडघाभर चिखलातून परत गेले. दुसऱ्या दिवशी तिसरा उमेदवार नालीपलीकडेच थांबला आणि ओरडला, “बाई, आधी सांगा, तुमाले काय पायजे?”