उजवा खांदा

अजिंठ्याच्या लेण्यातल्या एका चित्रातल्या राजकन्येच्या कपड्यावरची वेलबुट्टी मी मोनिकाच्या लग्नाच्या ब्लाउजवर जशीच्या तशी भरली. तिची आई, आवडाबाई, गुलमंडीवरच्या माझ्या दुकानात आली आणि ब्लाउज बघून भडकलीच.

"सुकेशनी, या उजव्या खांद्यावर जागा मोकळीच सोडली व्हय?"

"चित्रातबी तिथं बुट्टी दिसत नाय, मावशी."

"रंग उडाला असंल. तू भर की!"

"लग्नाच्या दिवशी भरंल ती." फोटोवाल्यावर माझा पूर्ण भरवसा होता.

लग्नात स्टेजसमोर तो ओरडलाच, "नवरदेव, नवरीच्या खांद्यावर हात ठेवा!"

नवरदेव विश्वजीतचा तळवा त्या मोकळ्या जागेवर नेमका बसला. आवडाबाईनं वळून माझ्याकडं बघितलं.

"रंग नव्हता उडाला, मावशी. चित्रातबी तिथं राजपुत्राचा हात हाय."