ताठ उभं राहण्यापुरती जागा

"तुमची टेप द्या जरा," पालिकेचा परवाना तपासनीस म्हणाला. "माझी गाडीतच राहिली."

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गळ्यातली टेप काढून दिली. जिन्याखालची ही खोली म्हणजे त्यांचं पहिलंवहिलं दुकान. ऐंशी चौरस फुटांपर्यंत लहान दुकानाचं शुल्क, त्यावर गेलं की दुप्पट. लहान शुल्कापुरते पैसे पर्समध्ये होते. दुप्पट भरायचे तर कालच आणलेलं इंटरलॉकचं मशीन परत करावं लागणार होतं.

तपासनीस चांगलाच उंच होता. वाकून वाकून त्यानं लांबी घेतली, रुंदी घेतली.

"एकोणऐंशी. थोडक्यात बचावलात, मावशी."

मदतीला आलेल्या लेकीनं हुश्श केलं. बाई मात्र टेपकडेच बघत राहिल्या.

"साहेब, ही टेप ओढून ओढून सैल झालीय हो. पुऱ्या लांबीत इंचभर कमी दाखवते. बेतताना मी तेवढं धरूनच चालते."

"आई!" लेक पुटपुटली. "तुला कुणी विचारलं होतं का?"

"अगं, उद्यापासून इथं बसून लोकांची मापं घ्यायचीत मला. पहिलंच माप चोरून कसं घेऊ?"

तपासनीस बाहेर गेला आणि स्टीलची टेप घेऊन आला. पुन्हा लांबी, पुन्हा रुंदी.

"ब्याऐंशी," तो म्हणाला. अगदी हळू.

बाईंनी मान डोलावली. इंटरलॉकच्या मशीनवरची चादर सारखी केली, पाहुण्याला निरोप द्यावा तशी.

फॉर्म भरायला म्हणून तपासनीस उजेडाकडे वळला, पाठ सरळ केली आणि खाडकन त्याचं डोकं जिन्याच्या उतरत्या छताला आपटलं.

"अगं बाई! लागलं का हो?"

तो डोकं चोळत वर बघत राहिला. मग एकदम हसला. बेतायचा खडू उचलून त्यानं पायाशी जमिनीवर रेघ ओढली.

"जिथं माणसाला ताठ उभं राहता येत नाही, ती जागा धरायची नाही, असा नियमच आहे. मी विसरलोच होतो. ही रेघ. पलीकडचं सोडून द्यायचं."

"पण मी राहते की तिथं उभी," बाई म्हणाल्या आणि मागच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्यासुद्धा.

लेकीनं कपाळावर हात मारून घेतला.

"नियमात नुसतं 'माणूस' लिहिलंय, मावशी. किती उंचीचा, ते नाही लिहिलेलं. मोजायला आलेला माणूस मी. ऑफिसात मला शिडी म्हणतात. पंख्यांची धूळ काढायची असली की हाक मारतात. एकदा तरी ही उंची धड कामाला येऊ द्या."

"पण हे नियमात बसतं ना, साहेब?"

"बसतंय कुठलं? उभं राहतंय!"

त्यानं लहान शुल्काची पावती फाडली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यानं बाहेर जाऊन, ताठ उभं राहून, सावकाश संपवला.

दुपारी रंगारी छताला दुसरा हात द्यायला आला. नव्या पांढऱ्या रंगावर डोक्याच्या तेलाचा डाग उमटला होता, कोटाच्या बटणाएवढा. ब्रश तिथं पोचणार, तोच बाई म्हणाल्या,

"तेवढं सोडून लावा, दादा."

"डाग दिसेल की हो!"

"दिसू दे. रोज मशीनवर बसायच्या आधी हात जोडायला कुठंतरी जागा हवीच होती."