पुढचा प्रश्न

राजुरीजवळच्या एका डेअरीत गुरांच्या दवाखान्यासाठी २००३ साली नवा कॉम्प्युटर आला. तो प्रश्न विचारायचा आणि उत्तरांवरून जनावराचा आजार ओळखायचा. सगळे प्रश्न हर्षालीनं पुण्यात बसून स्वतः टाइप केले होते. आता ती इथल्या माणसांना तो चालवायला शिकवायला आली होती.

नोकरी जाईल या धास्तीनं कुणी पुढं येईना. शेवटी जनावरांची मलमपट्टी करणारा दत्ता ड्रेसर खुर्चीत बसला. "ताई, माझ्या घरच्या गाईचंच बघू."

ताप आहे का? नाही. रवंथ करते का? हो.

घरामागे ऊस आहे का?

हर्षाली चपापली. हा प्रश्न तिनं घातलेला नव्हता.

"हाय की, लई दाट. बिबट्याबी फिरतो त्यात," म्हणत दत्तानं 'हो' दाबलं.

मागचं दार उघडं आहे का?

"असंल. बायको बेल्ह्याच्या बाजाराला गेलीय." त्यानं पुन्हा 'हो' दाबलं, पण या वेळी जरा थांबून.

मुलगी घरात एकटी आहे का?

दत्ताचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, ह्याला कुणी सांगितलं?"

खुर्ची उलथून तो मोटरसायकलकडं धावला.

बटणाला कुणाचाच हात लागला नव्हता. तरी स्क्रीनवर पुढचा प्रश्न उमटला.

ती अजून रडते आहे का?