धाकट्याने बोलणं टाकलं

"कपाटात कोंडलं?" बहिणीने विचारलं.

"कोंडलं धाकट्याला! वर बाहेरून कडी लावून आत भूत आहे म्हणून सांगितलं," दादा म्हणाला. "आमच्या थोरलीला हे सुचतं कुठून, देव जाणे."

बहीण लहान मुलांची मानसोपचारतज्ज्ञ होती. हा प्रश्न तिला विचारायला जगात कोणीही चाललं असतं, दादा सोडून. पण तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "पुढे?"

पुढे बरंच होतं. थोरली धाकट्याला 'तोतऱ्या' म्हणायची. त्याची नक्कल करून पाहुण्यांना हसवायची. तुला कचऱ्याच्या डब्यातून उचलून आणलंय, हे त्याला गंभीर चेहऱ्याने समजावून सांगायची. आधी पोरगं अडखळायला लागलं, मग त्याने बोलणंच टाकलं. शाळेत नाही, घरात नाही. मीठ हवं असलं तरी बोट दाखवायचा. झोपताना दिवा विझवू द्यायचा नाही.

"अगदी आपलंच बालपण गं," दादा म्हणाला आणि सवयीने हसला. "रक्तातच असतं एकेकाच्या."

दादा कंपन्यांमधून आत्मविश्वासाची शिबिरं घ्यायचा. त्यातला त्याचा हुकमी किस्सा हाच. बहिणीला कपाटात कोंडायचो, तोतरी म्हणायचो, आणि आज बघा, ती डॉक्टर आहे! टाळ्या पडायच्या. ती वर्षभर घरात कोणाशी बोलली नव्हती आणि अजूनही कुठल्या खोलीचं दार आतून लावत नाही, एवढा भाग वेळेअभावी गळायचा.

"औषध दे ना काहीतरी."

"याला औषध नसतं, दादा."

"मग करू काय? शाळा म्हणते, याला दुसरीकडे घाला. काल मी रडलो त्याच्यासमोर. मी! तो नुसता बघत राहिला. त्याने एकदा बाबा म्हणावं गं. बस."

बहिणीने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"थोरलीने त्याची माफी मागायला हवी. पण पोरं सांगून शिकत नाहीत, बघून शिकतात. आपल्या घरात थोरल्याने धाकट्याची माफी मागितलेली तिने कधी पाहिलीय?"

दादाला उमगायला वेळ लागला.

"म्हणजे मी? तुझी?"

"पोरांसमोर."

"अगं, मस्करी होती ती!"

"मग मस्करीची माग."

मुलं पलीकडच्या खोलीत खेळत होती. दर रविवारी आत्याकडे यायला दोघंही एका पायावर तयार असायची; आठवडाभरात धाकट्याच्या चेहऱ्यावर रंग दिसायचा तो तेवढाच. दोघं येऊन सतरंजीवर बसली. बाबांना बघताच धाकट्याने नखं कुरतडायला घेतली.

दादाने घसा खाकरला. भरल्या सभागृहांना हातवारे करून जिंकणाऱ्या माणसाला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"चुकलं माझं," तो पुटपुटला.

"काय चुकलं?" बहिणीने विचारलं.

"तुला कोंडायचो ते."

"आणि?"

"तोतरी म्हणायचो."

"नीट सांग, दादा. पोरांना कळायला हवं."

"क... क... कचऱ्याच्या डब्यातून आणलंय म्हणायचो," दादा म्हणाला. आपण अडखळलो हे त्याच्याही लक्षात आलं. कोणी हसलं नाही. त्यामुळेच असेल, तो एकदम हमसून रडायला लागला. "तो किस्सा पुन्हा सांगणार नाही. कुठेच नाही. शपथ."

थोरली उठली आणि धाकट्याला सॉरी म्हणाली. धाकट्याने मान हलवली. तोंडातून शब्द नाही.

"बसू दे त्यांना जरा इथे," बहीण म्हणाली. "तू गाडी काढ."

दादा बाहेर आला. इतकं हलकं त्याला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. माफी मागणं हा प्रकार वाईट नाही, पुढच्या शिबिरात घ्यायला हरकत नाही, असंही मनात आलंच. तो बुटाची नाडी बांधायला वाकला, तेवढ्यात आतून आवाज आला.

धाकट्याचा! खणखणीत, एकदाही न अडखळणारा. पोरगं बोललं! दादाचे डोळे भरून आले. त्या आनंदात शब्द कळायला मात्र जरा उशीर झाला.

"आत्या, जमलं ना आपलं? मग आता घरी बोललं तर चालेल? गप्प बसून बसून जबडा दुखला माझा, आणि ताई म्हणते, तिला दुष्टपणा करायचा जाम कंटाळा आलाय."