नववा सेकंद

बाबांच्या कृत्रिम हृदयातलं शेवटचं रेकॉर्डिंग मृदुला आईला ऐकवत होती.

“मी चालू राहू का?” हृदयाने रोजच्यासारखं सकाळी आठला विचारलं होतं. कायदाच तसा होता. उत्तर आलं नाही, तर नकार धरायचा. बाबांनी त्याला लेकीचाच आवाज दिला होता.

“पूर्वी तीस सेकंद थांबायचं ना गं ते?” आई म्हणाली.

तीसचे आठ मृदुलानेच केले होते. हृदयाचं सॉफ्टवेअर तीच तपासायची. उत्तर न येण्याच्या चाचण्या त्या तीस सेकंदांमुळे रखडत होत्या, आणि बाकी चाचण्यांतला नकली रुग्ण तर विचारताक्षणी ‘हो’ म्हणायचा. पक्षाघातानंतर बाबांना मात्र एकेक शब्द जुळवावा लागे.

आठ सेकंद शांततेत गेले. मग हृदय बंद झाल्याचा बीप वाजला.

त्यानंतर, नवव्या सेकंदाला, बाबा म्हणाले, “हो गं, बाळ.”