शिंगाचा बाक

दहा फुटी फ्लेक्स जमिनीवर उलगडला आणि मी काढलेल्या गाईच्या शिंगांवर चौकोनी पायऱ्या दिसल्या. महिला दूध संस्थेच्या चेअरमनबाई चष्मा पुसून पुन्हा वाकल्या.

फ्लेक्सवाल्या धुमाळकाकांनी मला आधीच विचारलं होतं, "ताई, फोटोशॉपमधलं ठिपक्यांचं चित्र मोठं केलं की फाटतं. कोरलमध्ये रेषांनी काढताय ना?" मी पुण्याहून शिकून आलेली. "काका, कोरल आता कोण वापरतं?" म्हणत हसले होते.

आता ते माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाले, "आमच्या मशीनवर फाईल नीट उघडली नाही. परवा नवा देतो."

दोन दिवसांनी बाईंबरोबर काकांच्या दुकानात गेले, तर गाय लख्ख दिसत होती. प्रत्येक रेषा काकांनी नव्याने ओढली होती. माझा चुकलेला शिंगाचा बाकही सुधारला होता. कोपऱ्यात नाव मात्र माझंच.

"शहरात शिकलेल्या पोरीचा हात वेगळाच," बाई काकांना म्हणाल्या. "तुम्हीही शिका जरा हिच्याकडून."

काका मान हलवत फ्लेक्स गुंडाळू लागले.

मी बाईंना "थँक्यू" म्हणाले.